वाटबघीचा कोनाडा

भुताखेतांना मी कधीच भ्याले नाही. आमच्या लालबागच्या चाळीत तिसऱ्या मजल्यावरच्या संडासात एक बाई दिसते म्हणत, चिंचपोकळीच्या पुलाखाली मुंडकं नसलेला हमाल उभा असतो म्हणत. मी दोन्ही ठिकाणी एकटी जाऊन आलेली आहे, पैकी एका ठिकाणी रोजच. पण आमच्या गावाच्या खिंडीतल्या धर्मशाळेचं नाव निघालं की आज या वयातही मी उठून दुसऱ्या खोलीत जाते. नातवंडं हसतात. हसू देत बापडी. त्यांच्या आजीने त्या धर्मशाळेतून काय उचलून आणलं ते त्यांना ठाऊक नाही, आणि ज्यांना ठाऊक होतं त्यांच्यापैकी आता माझ्याशिवाय कुणी उरलेलं नाही.

आमचं गाव पोलादपूरच्याही वर, डोंगराच्या पोटात. गावातून बाहेर पडायला वाट एकच, ती खिंडीतून. खिंडीत काळ्या दगडांच्या तीन भिंतींची ती धर्मशाळा. चौथी बाजू उघडी, वर अर्धीमुर्धी कौलं, आणि आतल्या भिंतींना कोनाडेच कोनाडे. ऐन चैत्रातही आत ओल असायची, पावलं गार पडायची. वाऱ्याचा झोत त्या फुटक्या कौलांतून शिरला की एक आवाज निघे. आम्ही सगळी पोरं शपथेवर सांगायचो की तो आवाज 'कोण?' असं विचारतो. मी एकदाच तिथे धीर करून 'मी' असं उत्तर दिलं होतं आणि मग घरापर्यंत मागे न बघता पळाले होते.

गावातला जो कुणी मुंबईला जायला निघे, तो खालच्या ओढ्यातला एक गुळगुळीत दगड उचलून धर्मशाळेतल्या कोनाड्यात ठेवी आणि आपलं नाव सांगे. सुट्टीला परत आला की आधी तो दगड काढी, ओढ्यात टाकी आणि मगच घरची वाट धरी. त्यामुळे गावातल्या बायका लाकडाला गेल्या की जाता जाता कोनाड्यांवरून नजर फिरवत. दगड असला म्हणजे माणूस मुंबईत. दगड नसला म्हणजे माणूस आला. पत्र आठ दिवस उशिरा येई, पण कोनाडा कधी खोटं बोलत नाही असं म्हणत.

बाबा गिरणीत साचेखात्यात होते, मागांवर. मी दहा वर्षांची होईपर्यंत ते मला वर्षातून दोनदा भेटले, शिमग्याला आणि गणपतीला. एका गणपतीनंतर ते परत जायला निघाले तेव्हा आये आणि मी त्यांना खिंडीपर्यंत पोचवायला गेलो. सोबत आमच्या शेजारचे शंकरकाका होते, नुकतं लग्न झालेले, आणि त्यांना पोचवायला आलेली सोनूकाकी. ती दोघं जराशी बाजूला उभी होती. माझं लक्ष त्यांच्याकडे कशाला जाईल? मी बाबांकडे बघत होते. खालचे कोनाडे भरलेले होते, तेव्हा बाबांनी हात उंच करून अगदी वरच्या कोनाड्यात एक काळा दगड ठेवला. त्याला मधोमध पांढरी रेघ होती, जानव्यासारखी. ती रेघ मी डोळ्यांत साठवून घेतली आणि दर वेळी लाकडाला गेले की मान वर करून ती बघत राहिले.

त्याच वर्षी दिवाळीनंतर शेत चुलत्यांकडे लावून आये आणि मी मुंबईला निघालो. बाबांच्या खोलीत गावचे सहाजण राहत, आणि त्यांना करून घालणारी म्हातारी डोळ्यांनी अधू झाली होती. खिंडीत आयेने ट्रंक भिंतीशी टेकवली, आमचे दोघींचे दगड खालच्या कोनाड्यात ठेवले, नावं सांगितली आणि ती झऱ्यावर पाणी प्यायला गेली. मी ट्रंकेवर चढले. माझा हिशोब साधा होता. दगड काढला म्हणजे माणूस घरी आला. आता आमचं घर मुंबईत, बाबा मुंबईत, मग दगड एकटा इथे कशाला? तो काढला की बाबा कायमचे घरी. मी हात घालून पांढऱ्या रेघेचा दगड काढला आणि परकराच्या ओच्यात बांधला. वारा पडलेला होता. तरीही कौलांतून तो आवाज आला असं मला वाटलं, आणि मी ट्रंकेवरून जवळजवळ पडलेच.

धरमतरला लाँचमध्ये बसलो, भाऊच्या धक्क्यावर उतरलो, तोवर दगड ओच्यात होता. खोलीवर पोचल्यावर तो बाबांच्या हातात ठेवायचा आणि त्यांनी मला उचलून घ्यायचं, असं मी ठरवून टाकलं होतं. पण खोलीत पाऊल टाकलं आणि सहा पुरुषांच्या विड्या, वळचणीला वाळत घातलेले लेंगे आणि नळावरची भांडणं बघून मी आयेच्या पदराआड शिरले. दगड मी ट्रंकेत तळाशी ठेवला. दोन दिवसांनी देऊ म्हटलं.

त्या दोन दिवसांत धोंडूतात्या आडवे आले. तात्या खोलीतले सगळ्यांत वडीलधारे, गिरणीतून सुटलेले, पण गावी न जाता खोली सांभाळून राहिलेले. जेवणं झाली की ते भिंतीला टेकून गावच्या गोष्टी सांगत, आणि माझ्यासारखी नवी श्रोती मिळाल्याबरोबर त्यांनी पहिली गोष्ट काढली ती धर्मशाळेचीच.

"ती काय कुना राजानं बांधलेली नाय," तात्या म्हणाले. "एका बाईचा नवरा बैल घेऊन खाली बंदराला गेला, हिरडा इकून मीठ आनाया. गेला तो गेला. ती खिंडीत जाऊन बसली. पाऊस आला तरी उठंना. मग येनाऱ्या-जानाऱ्यानं दया येऊन एकेक धोंडा तिच्याभोवती रचला. अशी झाली धर्मशाळा. गवंड्याचा हात नाय लागलेला तिला."

"मग तो आला का?" मी विचारलं.

"आला ना. बारा वर्सांनी. दाढी वाढलेली, अंगाचं कातडं राहिलेलं. तिनं इचारलं, कोन? तो म्हनाला, मी. तिला वळखू येईना. तिनं त्याला आत घेतला नाय. सकाळी बघतात तर उंबऱ्याशी मरून पडलेला. तवापास्नं ती, वाटबघी, परत्येकाची खून मागून घेती. जाताना खून ठेव, म्हंजे येताना वळखीन. ज्याची खून तिच्यापाशी नाय त्याला ती वळखत नाय, खिंड चढू देत नाय."

"आणि दुसऱ्या कुणी खूण काढली तर?"

तात्यांनी विडी झटकली. "तर त्यो मानूस आपला ऱ्हायला नाय म्हनायचं. आनि परत ठेवूनबी उपेग नाय. ज्याचा त्यानंच ठेवायचा, ज्याचा त्यानंच काढायचा."

मी त्यानंतर किती दिवस नीट जेवले नाही ते मला सांगता येणार नाही. आयेला वाटलं, मुंबईचं पाणी बाधलं. तिने ओवा दिला, दृष्ट काढली. बाबा पाळीवरून यायला जरा उशीर झाला की मी गॅलरीच्या कठड्याला धरून उभी राही आणि खालून येणारी प्रत्येक टोपी बघत राही. ते दिसले की मला रडू फुटे आणि बाबा खूश होऊन आयेला सांगत, "पोरीला बघ किती माया हाय."

खोलीत माझी खरी गट्टी जमली शंकरकाकांशी. बुटके होते बिचारे. फळीवरचा डबा काढायला बालदी पालथी घालून तिच्यावर उभे राहत, आणि बाकीचे म्हणत, "शंकऱ्या, ट्रामला शिडी लावू काय?" काकांना लिहिता येत नव्हतं आणि मी तिसरी शिकलेली. दर रविवारी ते मला फुटाण्यांची पुडी देत आणि सोनूकाकीला पत्र लिहून घेत. 'येथील सर्व खुशाल असे' हे झालं की त्यांचे कान लाल होत. मग म्हणत, "लिही, शिमग्याला येतो. बांगड्या आनतो." मी लिहायची. प्रत्येक पत्रात तेच. एकदा मी कंटाळून म्हटलं, "काका, मागच्या वेळी हेच लिहिलं होतं." तर म्हणाले, "तिला तेच पायजे."

तेव्हा मुंबई आपल्याला मिळणार की नाही यावरून सगळं गिरणगाव पेटलेलं होतं. नाक्यावर सभा, भिंतींवर घोषणा, आमच्या चाळीतल्या पाळण्यातल्या पोरालाही 'झालाच पाहिजे' येत होतं. बाबा प्रत्येक मोर्च्याला जात. शंकरकाका जात नसत. त्यांना गर्दीत पुढचं काही दिसत नसे. त्या दिवशी गिरण्या बंद होत्या. आये कुळथाची पिठी घोटत होती, चुलीपाशी सुकट भाजल्याचा वास होता, आणि काका खिडकीत बसून लेंग्याला नाडी ओवत होते. बाबा चपला घालता घालता म्हणाले, "चल रे शंकऱ्या, बसून काय करतोस?" काकांनी नाडी अर्धी तशीच ठेवली आणि उठले. मी दारात जाऊन बाबांचा सदरा धरला. "जाऊ नका," म्हटलं. बाबांनी माझ्या डोक्यावर टप्पल मारली आणि दोघं जिना उतरून गेले.

दुपारी पत्र्यावर फुटाणे ओतावेत तसा आवाज आला. तात्या म्हणाले, "फटाकडं हायत." मग तात्यांनीच उठून खिडक्या लावल्या. डोळे चुरचुरायला लागले. आयेने ओलं फडकं माझ्या तोंडावर धरलं. खाली माणसं पळत होती, कुणीतरी कुणाचं तरी नाव घेऊन ओरडत होतं, आणि प्रत्येक हाकेला मला वाटे की हे आता बाबांचंच. खोलीतले तिघं धापा टाकत परत आले. त्यांनी सांगितलं की गोळी चालली, आणि बाबा अन् शंकरकाका नाक्यापर्यंत त्यांच्या बरोबर होते, पुढे दिसले नाहीत. तासाभराने करफू लागला. आयेने सगळ्यांना वाढलं. दोन ताटं वाढून तिने दुसऱ्या ताटांनी झाकून ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तीच ताटं तशीच होती. रस्त्यावर बुटांचा आवाज सोडला तर लालबाग इतकं गप्प मी पुन्हा कधी ऐकलं नाही. नळाला पाणी होतं पण नळावर भांडण नव्हतं. मी ट्रंकेतून दगड काढला, मोरीच्या वरच्या कोनाड्यात ठेवला आणि बाबांचं पूर्ण नाव हळूच घेतलं. मग भीती वाटली की जागा चुकली असेल. खिडकीत ठेवला. तिथेही नाव घेतलं. 'परत ठेवूनबी उपेग नाय' हे तात्यांचं वाक्य डोक्यातून जाईना. आये पिठाचे हात घेऊन मागे केव्हा येऊन उभी राहिली ते मला कळलंच नाही.

"काय हाय ते?"

मी सांगितलं. सगळं सांगितलं, ट्रंकेवर चढले तिथपासून. वाटलं, मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं. आयेने दगडाकडे बघितलं आणि ती मागे सरकली. माझ्यापासून मागे सरकली. मग पदराने दगड उचलून तिने देवांपुढे ठेवला, त्याला हळदकुंकू वाहिलं आणि डोकं जमिनीला लावलं. "कुनाला बोलू नको," एवढंच म्हणाली. दिवसभर तिने माझ्या हातचं पाणीसुद्धा घेतलं नाही. मी चुलीपाशी गेले की ती अंग चोरी. माझी आये मला घाबरली होती. ते मला बंदुकीच्या आवाजापेक्षा भयंकर वाटलं, आणि आज आईपण, आजीपण सगळं भोगून झाल्यावरही मी ते विसरलेले नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी करफू दोन तास उठला. लोक दुधाला, तेलाला धावले. आमच्या खोलीतून कुणी हललं नाही. इतक्यात दारावर थाप पडली, हलकी, एकच.

"कोण?" आयेने आतून विचारलं.

बाहेरून उत्तर नाही. आयेने पुन्हा विचारलं, "कोण?" तिचा आवाज अगदी खिंडीतल्या त्या कौलांसारखा निघाला. तिने माझ्याकडे पाहिलं. तिच्या मनात काय आलं ते मला दिसलं, कारण माझ्याही मनात तेच आलं होतं. दारात माणूस उभा होता आणि त्याला ओळखणारी खूण आपण काढून आणली होती. मी धावले आणि कडी काढली. दारात बाबा होते. सदऱ्यावर वाळलेलं रक्त होतं, पण अंगावर कुठे जखम नव्हती. दाराची चौकट धरून ते उभे होते.

आये हसत होती, रडत होती, त्यांच्या पायांवर डोकं घाशीत होती. तिने देवांपुढचा दगड उचलला आणि त्यांच्या हातात कोंबला. "तुमचा दगड. पोरीनं आनला हुता. घ्या, तुमचा तुम्ही घ्या. आलात नव्हं!"

बाबांनी तळहातावरचा दगड पाहिला. बोटाने कुंकू पुसलं. पांढरी रेघ दिसली तसे ते उंबऱ्यातच खाली बसले.

"ह्यो कुठनं काढलास, बाय?"

"वरच्या कोनाड्यातनं. तुम्ही ठेवताना मी बघितला."

"माझा नाय ह्यो," बाबा म्हणाले. "मी कधी ठेवलाच नाय. पयल्या खेपेला घाईत इसरलो, काय झालं नाय, मग ठेवायचंच सोडलं. ह्यो शंकऱ्याचा. त्याचा हात पोचंना, म्हनून त्यानं माझ्या हातात दिला."

मी विचारलं, "शंकरकाका कुठायत?" खिडकीत तो लेंगा अजून पडलेला होता, नाडी अर्धी ओवलेली.

बाबांनी दगड मुठीत मिटला. "इस्पितळात हुतो दोन दिस त्याच्यापाशी. आज पहाटे गेला." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "मीच त्याला चल म्हनालो. तू कुनाला काय सांगू नको. मी म्हनालो चल."

बाबा ही गोष्ट मरेपर्यंत असंच सांगत राहिले, की शंकरला मी नेला. ते सगळं आपल्या अंगावर घेत होते हे मोठी झाल्यावर मला समजलं. दगडाने माणूस मरत नाही, गोळीने मरतो, हेही मला समजतं; मी शाळेत बत्तीस वर्षं मुलांना हेच शिकवलं. वर्गात ते पटतं.

महिनाभराने बाबा काकांची ट्रंक घेऊन गावी गेले. दगड त्यांच्या खिशात होता. तो परत वरच्या कोनाड्यात ठेवायचा आणि मग सोनूकाकीला तोंड दाखवायचं, असं ते आयेला सांगून गेले होते. चार दिवसांनी परतले तेव्हा दगड खिशातच होता. खिंडीत पोचले तर सोनूकाकी धर्मशाळेत बसलेली होती. काका गेल्याची तार आधीच पोचली होती. पण तिने बांगड्या फोडू दिल्या नाहीत, कुंकू पुसू दिलं नाही. ती बाबांना रिकामा कोनाडा दाखवून म्हणाली, "भावोजी, तार खोटी हाय. मेला असता तर दगड हितंच असता की. त्यानं सोता काढलाय. आलाय तो, हितंच कुठंतरी हाय." हे सांगताना ती हसत होती, असं बाबा म्हणाले. त्यांना खिशातला हात बाहेर काढवेना.

पुढे मुंबईसह महाराष्ट्र झाला. चाळीवर रोषणाई झाली, पेढे वाटले, तात्या ढोलापुढे नाचले. बाबा दार लावून आत बसून होते आणि आयेने आमच्या खोलीवर पणती लावली नाही.

मी स्वतः गावी गेले ती थेट केस पिकायला लागल्यावर. सोनूकाकी धर्मशाळेतच भेटली, हातात केरसुणी. ती रोज तिथे झाडायची, येणाऱ्या-जाणाऱ्याला पाणी द्यायची. गावातली पोरं तिलाच वाटबघी म्हणत. कपाळावर रुपयाएवढं कुंकू होतं. बाबांकडून माझ्याकडे आलेला तो दगड मी पर्समध्ये नेला होता. सांगायचं म्हणूनच गेले होते. तिने माझा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि म्हणाली, "त्याची पत्रं तूच लिवायचीस नव्हं? बांगड्या आनतो म्हनून? अजून हायत माज्यापाशी." मग खालच्या कोनाड्याकडे बोट करून म्हणाली, "तुजा दगड काढ की. आलीस नव्हं?" मी माझा दगड काढला. पर्स उघडली नाही. वारा आला आणि कौलं पूर्वीसारखीच वाजली, तशी ती दचकून उठली आणि वाटेवर बघून आली.

मागच्या वर्षी पुतण्याचा फोन आला, सोनूकाकी गेली. नव्वदीच्या पुढची होती. शेवटपर्यंत कुंकू लावत होती, तेव्हा गावाने बसून ठरवलं आणि हिरवं लुगडं नेसवून, मळवट भरून तिला सवाष्ण म्हणून नेली. फोन ठेवून मी तांदळाच्या डब्यामागचा दगड काढला, धुतला, पुसला. परत नेऊन ठेवावा तर ठेवणारा हात माझा नव्हे. आता खिंडीत ती जुनी वाटबघी आणि सोनूकाकी, दोघीजणी वाट बघत बसल्या असतील, आणि शंकरकाकांची खूण इथे माझ्या घरात आहे.